डोळ्याच्या बारा गाठी

मंगळवार, ४ जून

ही वही मिकाएलाने दिली. पुठ्ठा जाड आहे, आत रेघा नाहीत. मी पट्टी घेऊन पहिल्या दहा पानांवर पेन्सिलीने रेघा मारल्या, तेव्हा कुठे हात चालू झाला.

ती कुएंकाच्या विद्यापीठात डिझाइन शिकते. पदवी झालेली आहे, हे त्याच्या पुढचे शिक्षण. त्यासाठी तिला आमच्या शालींवर प्रबंध लिहायचा आहे, म्हणून एप्रिलअखेरपासून आठवड्यातले चार दिवस ती बुल्काय गावी आमच्या घरी येते. वही देताना म्हणाली, "एफ्रेन, सकाळी उठल्यापासून काय काय करता ते रोज लिहीत जा. काही लपवू नका. आणि शुद्धलेखनाची अजिबात काळजी करू नका."

शेवटचे वाक्य ती सहज बोलली असेल. मी सातवीनंतर शाळेत गेलो नाही, हे मामीने तिला सांगितले असणार. माझ्याजवळ शब्दकोश आहे आणि अकरा वर्षांत मी शंका असलेला एकही शब्द न तपासता लिहिलेला नाही. हे तिला कुणी सांगितलेले दिसत नाही.

मी ठरवले आहे की तिच्यासाठी दुसरी वही आणायची. तिच्यात स्वच्छ अक्षरात लिहायचे: ताण्याचे धागे चौकटीवर ओढतो, झुबक्याझुबक्याने घायपाताच्या दोऱ्याने घट्ट बांधतो, निळीत बुडवतो, गाठीखाली नीळ शिरत नाही, तिथे पांढरे राहते, मग गाठी सोडून कमरेला बांधायच्या मागावर विणतो. तिला एवढेच हवे आहे. ही वही माझ्यापाशी राहील.

बुधवार, ५ जून

खरे कारण लिहून टाकतो, नाहीतर लिहिण्यात अर्थ नाही.

"खिडकीतला पक्षी" ही नक्षी आल्सिदेस मामाशिवाय कुणालाही बांधता येत नाही. एका शालीवर बारा पक्षी, प्रत्येकाभोवती चौकट, आणि प्रत्येकाच्या निळ्या डोक्यात मक्याच्या दाण्याएवढा पांढरा डोळा. ही नक्षी कुठेही काढून ठेवलेली नाही. मामाच्या आईच्या डोक्यात होती, आता मामाच्या डोक्यात आहे. मामाला मूल नाही. मी त्याच्या बहिणीचा मुलगा. मी बारा वर्षांचा असताना आई न्यूयॉर्कला गेली आणि मला इथे ठेवून गेली. मी पहिल्याच महिन्यात पक्षी मागितला होता. मामा म्हणाला, "आधी हात तयार होऊ देत, मग देईन." अकरा वर्षे मी हात तयार करतो आहे.

मिकाएलाला यायला सहा आठवडे झाले नाहीत आणि ती त्या पक्ष्याच्या गाठी बांधते आहे. मामा भिंतीला टेकून बसतो आणि आकडे सांगतो, "डावीकडून सातवा झुबका, चार बोटं वर, दोन वेढे." ती बांधते. पूर्वी मामा कुणाला त्या चौकटीला हातसुद्धा लावू देत नसे.

शुक्रवार, ७ जून

आज माझ्या दिवसाऐवजी तिचा दिवस लिहितो. तो मला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

सात दहाच्या बसने आली. कॉर्पसच्या सणाच्या जत्रेतली मिठाई आणली होती. खोका मामाच्या हातात ठेवला. मामाने झाकण उघडले नाही, नुसता वास घेतला आणि म्हणाला, "नारळाची आहे." ती हसली. मामा पूर्वी मिठाईवर तुटून पडत असे. आता तिच्यासमोर रुबाब करतो.

साडेसातला मामीने तिला अंडे घालून परतलेले मोते, म्हणजे उकडलेला मका, दिले. तिने दुसऱ्यांदा मागून घेतले. मामीला असे मागणारे माणूस आवडते. मी कधी मागत नाही. मामाने कॉफी ओतताना कपाबाहेर सांडली, कारण लक्ष तिच्या बोलण्याकडे होते. मामी काही बोलली नाही. माझ्या हातून सांडली असती तर दुपारपर्यंत ऐकावे लागले असते.

आठ ते बारा गाठी. तिचे हात बरे आहेत, वाईट नाहीत. पण वाया फार घालवते. उरलेला दोरा तोडते आणि जिथे बसली तिथेच टाकते. मी मागून वेचत जातो.

मामा हल्ली ओसरीत बसत नाही, ऐन उन्हात अंगणात बसतो. ती फोटो काढते म्हणून. ती बोलली की त्याची मान तिच्याकडे वळते. मी बोललो की तो माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघतो. हे मी आठवडाभर तपासून मगच लिहिले आहे.

तिला "पोरी" म्हणतो. मला अकरा वर्षांत "पोरा" असे चार वेळा म्हणाला आहे. चारही तारखा मला पाठ आहेत.

दुपारी तीनला तिच्या मार्गदर्शक बाईंचा फोन आला. ती खुराड्यामागे जाऊन बोलली. मी दाणे टाकायला गेलो होतो, मुद्दाम नाही. (मुद्दाम. लपवू नका म्हणाली आहे.) बाई म्हणत असाव्यात की यात डिझाइन कुठे आहे, ही तर नक्कल झाली. परीक्षा २७ जूनला आहे आणि तोवर मामाच्या आकड्यांवरून तिने स्वतः बांधलेली शाल दाखवली नाही, तर प्रबंध पुढल्या वर्षावर जाईल. तिने डोळे पुसले, कोंबड्यांना "बघता काय" म्हणाली आणि परत येऊन गाठी बांधायला बसली.

तिला रडताना पाहून मला बरे वाटले. नंतर तितके बरे वाटले नाही.

पाचच्या बसने गेली.

रविवार, ९ जून

आईचा फोन. चित्र दिसणारा. मामा आला नाही. म्हणाला, त्या डबीत माणूस नीट दिसत नाही. गुआलासेओच्या बाजारालाही आता मामीच जाते. मामाला आम्हा कुणासाठी वेळ उरलेला नाही. आईने विचारले, "सगळं ठीक आहे ना?" मी हो म्हणालो.

मंगळवार, ११ जून

आज दोन गोष्टी झाल्या.

पहिली. मामाने मला निळ्या आणि काळ्या सुताच्या लडी वेगळ्या करायला बसवले. हे काम मी पहिल्या वर्षी करत असे. मी म्हणालो, "हे तुम्हीच करता ना दर वेळी?" तो म्हणाला, "आता तू कर. तुझं काम चोख असतं." मामी तिथेच शालीची झालर गुंफत होती. म्हणाली, "तोंड बघा याचं. दुधात लिंबू पडल्यासारखं." मामाने माझ्या तोंडाकडे पाहिलेसुद्धा नाही.

दुसरी. मिकाएला मामाने सांगितलेले आकडे चौकटीच्या कागदावर उतरवते. पक्षी आता कागदावर आहे, डोळ्यासकट. मी लडी घेऊन ओसरीतून जात होतो तेव्हा मामाने तिला विचारले, "आकडे मोठे काढलेस ना? सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला वाचता येतील असे?"

ती म्हणाली, "लहान मुलालाही कळतील, उस्ताद."

मी लडी खाली ठेवल्या आणि नदीपर्यंत चालत गेलो. माझ्याविषयी ते दोघे असे बोलतात. मला वाचता येते. मला तिच्यापेक्षा चांगले वाचता येते. "परिच्छेद" हा शब्द ती फोनवर चुकीचा बोलते.

परत आलो तेव्हा तिने बाराही डोळे बांधून संपवले होते.

बुधवार, १२ जून

दुपारी सगळे जेवायला बसले. मी हात धुतो म्हणून मागे राहिलो. ताणा चौकटीवर होता, उद्या निळीत जायचा. मी बारा डोळ्यांच्या बारा गाठी सोडल्या. फक्त डोळ्यांच्या. बाकी कशाला हात लावला नाही.

कापल्या असत्या तर लवकर झाले असते. पण चांगला दोरा कापणे मला जमत नाही. एकेक वेढा उलगडला, सगळा दोरा काडीवर आठच्या आकड्यासारखा गुंडाळला, टोक आत खोचले आणि काडी टोपलीत ठेवली. त्याला तेवढाच वेळ लागला जेवढा हात धुवायला लागतो, जर हात फार मळले असतील तर.

जेवणात काय होते ते आठवत नाही. मामीने विचारले, "आवडलं नाही का?" मी म्हणालो, आवडले.

गुरुवार, १३ जून

नीळ उकळून तयार होती. मिकाएलाने हातमोजे घातले होते. मामाने ताणा उचलून बुडवायचा एवढेच उरले होते.

पूर्वी मामा बुडवण्याआधी ताणा उजेडात धरून पाहत असे. आता डोळे मिटून बोटे फिरवतो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पियानो वाजवणाऱ्यासारखा. हेही तिच्यासाठीच नवे निघाले आहे. बोटे पहिल्या पक्ष्याच्या डोक्यापाशी थांबली. मग दुसऱ्याच्या. मग तो सरळ बाराव्यावर गेला. एक अख्खी प्रार्थना म्हणून होईल इतका वेळ तो तसाच उभा राहिला.

मिकाएलाने विचारले, "काही राहिलंय का?"

मामा खाली वाकला. टोपली चाचपली, ती काडी उचलली, तिच्यावर अंगठा फिरवला आणि खिशात टाकली. म्हणाला, "काही नाही. बुडवा."

त्याने पाहिले असते तर नक्की बोलला असता. म्हणजे पाहिले नाही. काडी खिशात का टाकली ते कळत नाही.

शनिवार, १५ जून

ताणा वाळतो आहे. दोन वेळा उठून दोरीपाशी जाऊन आलो. गाठी अजून सोडायच्या आहेत, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. मला कळते.

सोमवार, १७ जून

सकाळी गाठी सोडल्या. मिकाएला लहान चाकूने एकेक दोरा कापत होती आणि निळ्यातून पांढरे बाहेर येत होते. आधी चौकटी, मग पंख, मग शेपट्या. सुंदर होते. हे मला लिहावे लागते आहे.

मग ती थांबली. एकदा इकडून पाहिले, एकदा तिकडून. बारा पक्षी, आणि एकालाही डोळा नाही. डोकी सगळी निळी, भिंतीसारखी.

ती तिथेच जमिनीवर बसली. म्हणाली, माझ्या गाठी सैल राहिल्या, नीळ आत शिरली. दहा दिवसांत नवा ताणा बांधून होणार नाही. ती रडत नव्हती. खुराड्यामागे रडली होती तेव्हा मला बरे वाटले होते. आज मी घायपाताचे तुकडे वेचत बसलो आणि मान वर केली नाही.

मामा भिंतीपाशी होता. त्याने विचारले, "काय नाहीये?"

"डोळे," ती म्हणाली.

"मग तुझी चूक नाही, पोरी. मी आकडा चुकीचा सांगितला."

"नाही सांगितलात चुकीचा. माझ्याकडे कागदावर आहे."

"कागदावर बरोबर असेल. ताण्यावर बोट चुकीच्या झुबक्यावर ठेवलं मी." मग त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला दिसत नाही. डावा डोळा गेल्या वर्षीच गेला. उजवा ईस्टरपासून. आता ऊन आहे की सावली तेवढं कळतं, बस. आंधळ्या माणसानं आकडे सांगितले की पक्षीही आंधळेच निघायचे."

मामी झालर गुंफत होती. तिचा हात थांबला नाही. म्हणजे तिला ठाऊक होते.

मी चार तारखेपासूनची पाने उघडली. कॉफी. मिठाईचा खोका. ऊन. लडी. आईचा फोन. माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी. सगळे मीच लिहिले आहे, तारीखवार, एकही शब्द न चुकता.

मंगळवार, १८ जून

मिकाएला काल संध्याकाळी गेली ती आज आली नाही. मामाने मला अंगणात बोलावले. बसायला सांगितले. खिशातून काडी काढून माझ्या हातात दिली.

"ही तुझीच ना?"

मी खोचलेले टोक अंगठ्याने आणखी आत सारले.

"या घरात दोऱ्याचं टोक आत खोचणारा दुसरा कोण आहे? मिकाएला दोरा कोंबडीच्या आतड्यांसारखा टाकते. तुझी मामी गोळा करते. आठचा आकडा घालून टोक खोचणारा एकच."

मी विचारले, मग बुडवू का दिले. तो म्हणाला, "थांबवलं असतं तर तिच्यासमोर विचारावं लागलं असतं, कुणी सोडल्या म्हणून. तू खोटं बोलला असतास. ते मला ऐकायचं नव्हतं."

माझ्या तोंडून निघून गेले, की मला का नाही सांगितले. अकरा वर्षे मी समोर बसलो आहे. तिला कळायच्या आधी मला कळायला हवे होते.

"तुला सांगायचं नव्हतं म्हणून तर तुला लांब ठेवलं. ती नवखी. तिला वाटतं म्हातारे असेच शिकवतात, भिंतीला टेकून. तू पहिल्याच गाठीला ओळखलं असतंस. आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कपर्यंत कळलं असतं, की आल्सिदेसचे डोळे गेले. मग माझ्या शाली कोण घेणार? तुझ्या नावाच्या अजून कुठे चालतात?" मग म्हणाला, "पक्षी कागदावर उतरायला हवा होता, मला आठवतोय तोवर. मोठे आकडे कुणासाठी काढून घेतले मी? विद्यापीठाला मोठे आकडे लागतात का?"

मी कागद आणले नाहीत, पण ते कुठे आहेत मला माहीत होते: मिकाएलाच्या कागदांची एक प्रत मामीच्या पेटीत आहे, तिच्यावर मामीने माझे नाव लिहून ठेवले आहे. ते नाव मी मागच्याच आठवड्यात पाहिले होते. तेव्हा मला वाटले होते की वेष्टनाचा कागद असेल.

उठताना मामाने माझ्या खांद्याचा अंदाज घेतला, हात ठेवला आणि म्हणाला, "तिला सांगायचं की नाही ते तू बघ, पोरा. मी माझं सांगून टाकलंय."

ही तारीख वेगळी लिहायची गरज नाही. वर आहे.

गुरुवार, २० जून

मिकाएला आली. शाल तशीच विणायची असे तिने ठरवले. ताणा मागावर चढवला. ती विणते, मी बाजूला बसून पट्टी सरळ राहते की नाही ते पाहतो. झालर गुंफून होणार नाही, नुसते धागे सोडून न्यायची.

मी तिला सांगितले नाही. तीन वेळा तोंड उघडले. एकदा म्हणालो, पाणी हवे का. एकदा म्हणालो, ऊन फार आहे. तिसऱ्यांदा तिनेच विचारले, "वही लिहिताय ना?" मी म्हणालो, हो, स्वच्छ करतो आहे. दुसरी वही मी आणलीच नव्हती. आज गुआलासेओला जाऊन आणली.

मंगळवार, २५ जून

शाल विणून झाली. जाताना मिकाएलाने माझ्यापुढे छापील कागद ठेवले. म्हणाली, मामी सांगत होत्या तुमच्यासारखं शुद्धलेखन तालुक्यात कुणाचं नाही, एवढं शेवटचं प्रकरण बघाल का? परवा परीक्षा आहे आणि मला आता अक्षरं दिसेनाशी झालीत. मग जीभ चावली आणि मामाकडे पाहिले. मामा हसला. "दिसेनाशी झाली की मला विचार, मी शिकवीन," म्हणाला.

मी कागद घेऊन ओसरीत बसलो. चांगले लिहिले आहे. आम्ही कसे बसतो, कसे मोजतो, मामी झालर गुंफताना ओठ कसे हलवते, सगळे आहे. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात असे आहे: "उस्तादांची दृष्टी गेल्यामुळे मोजणी चुकली. पक्ष्यांना डोळे नाहीत, कारण ते सांगणाऱ्याला डोळे नव्हते. मी ही चूक दुरुस्त केली नाही. हा या शालीचा खरा इतिहास आहे."

मी ते चार वेळा वाचले. हे छापले जाईल. विद्यापीठाच्या कपाटात राहील. मामाची मोजणी चुकली, असे तिथे कायम लिहिलेले असेल. आयुष्यभर त्याची एक गाठ चुकली नाही.

ती समोर उभी होती. "किती चुका आहेत?"

मी एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि कागद परत दिले. म्हणालो, "शुद्धलेखनाची एकही नाही."

तिला पाचची बस गाठायची होती.

बुधवार, २६ जून

पहाटेपासून नवा ताणा चौकटीवर आहे. मामा भिंतीला टेकून बसला, मी चौकटीसमोर. कागद उघडलाच नाही. मामा आकडे सांगत होता, मी बांधत होतो. पहिला पक्षी झाला, चौकट झाली, डोके झाले. मग मामा म्हणाला, "आता डोळा. डावीकडून सातवा, एक वेढा जास्त." मी बांधला. त्याने हात पुढे केला, मी त्याचे बोट धरून गाठीवर ठेवले. त्याने अंगठ्याने दाबून पाहिली.

"घट्ट आहे," म्हणाला.

अजून अकरा आहेत.

मिकाएला शाल न्यायला सात दहाच्या बसने येते. स्वच्छ वहीत मी काल रात्री तीन पाने लिहिली: ताणा, घायपात, नीळ, माग. चांगले अक्षर आहे. ती वही पेटीत ठेवली.

मिकाएला, ही वही देतो आहे. परीक्षेआधी वाचा, तो परिच्छेद बदलायला अजून एक दिवस आहे. मोजणी बरोबर होती. तुमच्या गाठीही घट्ट होत्या. सोडायला मला बराच वेळ लागला. बारा जूनचे पान थेट उघडू नका, पहिल्यापासून वाचा, म्हणजे मी तुमच्याविषयी काय काय लिहिले आहे तेही कळेल. तुम्ही म्हणाला होतात काही लपवू नका. शब्द सगळे तपासले आहेत. पान एकही फाडलेले नाही.

बसचा आवाज येतो आहे.